न्यायाधीशाचं नाव मतपत्रिकेवर कोण घालतं?

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात १९९२ साली मार्गारिटा लोपेझ तोरेस सिव्हिल कोर्टाच्या न्यायाधीश झाल्या, त्या निवडणूक लढवून. निवडून आल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांकडून त्यांना सांगण्यात आलं की अमुक वकिलाला तुमच्या हाताखाली नोकरीला घ्या. त्यांनी ते मानलं नाही. पुढे पुन्हा अशीच शिफारस आली, तीही त्यांनी नाकारली. त्यानंतर वरच्या कोर्टातल्या जागेसाठी त्यांनी १९९७, २००२ आणि २००३ मध्ये पक्षाची उमेदवारी मागितली. तिन्ही वेळा ती दुसऱ्यांना मिळाली. आणि याच काळात, २००२ मध्ये, सिव्हिल कोर्टातली मुदत संपल्यावर त्या पक्षनेत्यांच्या पाठिंब्याशिवाय उभ्या राहिल्या आणि पुन्हा निवडून आल्या.

मतदार तेच, पक्ष तोच, उमेदवारही तीच. एका कोर्टासाठी लोक त्यांना निवडून देतात आणि दुसऱ्या कोर्टासाठी त्यांचं नाव लोकांसमोर येतच नाही. याचं कारण असं की दोन्ही कोर्टांच्या मतपत्रिकेपर्यंत पोचण्याचे रस्ते वेगळे आहेत. २००४ मध्ये लोपेझ तोरेस आणि त्यांच्यासोबत आणखी काही जणांनी या दुसऱ्या रस्त्याविरुद्ध फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा लावला. खालची दोन्ही कोर्टं त्यांच्या बाजूनं गेली. १६ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र तो निकाल फिरवला, आणि तोही एकमतानं, नऊ विरुद्ध शून्य.

मला हा खटला महत्त्वाचा वाटतो, कारण निवडणुकीबद्दलचा एक मूलभूत प्रश्न त्यात अगदी स्वच्छ उभा राहतो. मत देण्याचा हक्क संविधान देतं. पण ज्यांच्यातून निवडायचं त्यांची यादी कशी तयार झाली, याबद्दल संविधान काही बोलतं का?

न्यायाधीश आणि निवडणूक

आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांत कॉलेजियमचा शब्द चालतो, आणि त्याला पर्याय म्हणून केलेला न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केला, हे वाचकांना ठाऊक असेलच. अमेरिकेतही फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट त्यांना मान्यता देतं आणि ते तहहयात पदावर राहतात. पण तिथले बहुतेक खटले फेडरल कोर्टात नव्हे, राज्यांच्या कोर्टांत चालतात. घटस्फोट, भाडेकरूचा वाद, खून, अपघाताची नुकसानभरपाई, सगळं तिथंच. आणि बहुसंख्य राज्यांत या न्यायाधीशांपैकी निदान काहींना तरी मतदारांसमोर जावं लागतं.

ही प्रथा १९व्या शतकातली. मिसिसिपी राज्यानं १८३२ मध्ये सगळे न्यायाधीश निवडून द्यायचं ठरवलं. न्यूयॉर्कनं १८४६ च्या राज्यघटनेत तोच मार्ग धरला. हेतू चांगला होता. तोवर न्यायाधीशपदं म्हणजे राज्यपाल आणि विधिमंडळातल्या मंडळींनी आपल्या माणसांना वाटायची बक्षिसं होती. ती त्यांच्या हातून काढून लोकांच्या हाती द्यावीत, म्हणजे न्यायाधीश पुढाऱ्यांचे मिंधे राहणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. हा हेतू लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे जे झालं ते नेमकं त्याच्या उलट आहे.

आता न्यूयॉर्कच्या कोर्टांबद्दल एक खुलासा. लोपेझ तोरेस यांना जिथं जायचं होतं ते ‘सुप्रीम कोर्ट’ हे राज्यातलं सर्वात वरचं कोर्ट नाही. मोठे दिवाणी आणि फौजदारी खटले पहिल्यांदा जिथं चालतात ते हे कोर्ट. सर्वात वरच्या कोर्टाला तिथं ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात, आणि तिथले न्यायाधीश १९७७ च्या घटनादुरुस्तीपासून राज्यपाल नेमतात. गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात ‘सुप्रीम कोर्ट’ म्हटलं की न्यूयॉर्कचं, आणि ‘सर्वोच्च न्यायालय’ म्हटलं की वॉशिंग्टनमधलं, असं समजावं. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाची मुदत १४ वर्षांची असते. मधल्या अपील कोर्टात बसणारे न्यायाधीशही याच मंडळींतून घेतले जातात. थोडक्यात, ही जागा मोठी आहे आणि एकदा मिळाली की माणूस दीर्घकाळ तिथं राहतो.

तीन पायऱ्यांचा रस्ता

सिव्हिल कोर्टाच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार थेट प्राथमिक निवडणुकीतून ठरतो. म्हणजे पक्षाचे नोंदणीकृत मतदार आधी आपापसांत मतदान करून उमेदवार निवडतात, मग तो सार्वत्रिक निवडणुकीत उतरतो. सुप्रीम कोर्टासाठी असं होत नाही. तिथं तीन पायऱ्या आहेत.

पहिल्या पायरीवर पक्षाचे मतदार न्यायाधीशपदाचा उमेदवार निवडत नाहीत, ते प्रतिनिधी निवडतात. राज्य विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातून काही प्रतिनिधी जातात. दुसऱ्या पायरीवर हे प्रतिनिधी एका अधिवेशनात जमतात आणि पक्षाचे उमेदवार ठरवतात. तिसरी पायरी नोव्हेंबरमधल्या सार्वत्रिक निवडणुकीची. तिथं अधिवेशनात ठरलेल्या नावांना पक्षाच्या रांगेत आपोआप जागा मिळते.

कागदावर हे वाईट दिसत नाही. प्रतिनिधी कोणीही होऊ शकतो. त्यासाठी आपल्या मतदारसंघातल्या, आपल्याच पक्षाच्या ५०० मतदारांच्या सह्या ३७ दिवसांत गोळा करायच्या. ५०० सह्या म्हणजे काही डोंगर नव्हे.

आता हेच गणित न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या व्यक्तीच्या बाजूनं मांडून बघा. समजा, पक्षनेत्यांना तुम्ही नको आहात. मग अधिवेशनात तुमच्या बाजूचं बहुमत हवं, आणि त्यासाठी तुमच्या विचाराचे प्रतिनिधी मतदारसंघा-मतदारसंघातून उभे करायला हवेत. सुप्रीम कोर्टाचा एकेक न्यायिक जिल्हा प्रचंड असतो. या खटल्याच्या वेळी एकेका जिल्ह्यात विधानसभेचे ९ ते २४ मतदारसंघ येत होते. २४ मतदारसंघांच्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे १३ ठिकाणी लढायचं म्हटलं, तरी किमान ६,५०० वैध सह्या झाल्या. सगळीकडे लढायचं तर १२,०००. सह्या बाद होतात, म्हणून प्रत्यक्षात याहून खूप जास्त जमवाव्या लागतात. एका ठिकाणी ज्यानं सही केली तो दुसऱ्या ठिकाणी उपयोगाचा नाही, कारण सही त्याच मतदारसंघातल्या माणसाची लागते. आणि हे सगळं त्याच ३७ दिवसांत.

एवढं करून तुमचे प्रतिनिधी मतपत्रिकेवर आलेच, तर पुढची अडचण वेगळीच आहे. मतपत्रिकेवर फक्त प्रतिनिधींची नावं असतात. कोणता प्रतिनिधी न्यायाधीशपदासाठी कोणाला पाठिंबा देणार, याचा त्यावर उल्लेख नसतो. मतदाराला तुम्ही आवडत असाल, तरी तुमच्या माणसाचं नाव त्याला वेगळं सांगायला हवं, तेही जिल्हाभर. आणि जिथं प्रतिनिधीपदासाठी दुसरं कोणी उभंच नसतं, तिथं ते पद मतपत्रिकेवर छापलंही जात नाही. बहुतेक ठिकाणी तसंच घडायचं. त्यामुळे आपण कधी असे प्रतिनिधी निवडून दिले, हे अनेक मतदारांना कळण्याचा मार्गच नव्हता.

मग दुसरा उपाय उरतो. नेत्यांच्या यादीतून आलेल्या प्रतिनिधींनाच भेटून त्यांचं मन वळवायचं. पण त्या वेळी प्रतिनिधींची निवड आणि अधिवेशन यांत एक ते दोन आठवड्यांचंच अंतर असे. बहुतेक प्रतिनिधी पक्षनेत्यांनी बसवलेले. अधिवेशनात नावं आधी ठरलेली असत, प्रतिनिधी हात वर करून मोकळे होत.

ब्रुकलिनसारख्या ठिकाणी डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट म्हणजेच विजय. सार्वत्रिक निवडणूक ही औपचारिकता उरते. १९९० ते २००२ या काळात राज्यभरातल्या सुप्रीम कोर्टाच्या निवडणुकांपैकी जवळजवळ निम्म्या बिनविरोध झाल्या. याशिवाय न्यूयॉर्कमध्ये एकाच व्यक्तीला दोन-तीन पक्ष आपली उमेदवारी देऊ शकतात. दोन्ही मोठे पक्ष आपसांत समजुतीनं जागा वाटून घेतात तेव्हा मतपत्रिकेवर वेगवेगळ्या रांगांत एकच नाव दिसतं. मतदारानं कुठंही खूण केली तरी निकाल तोच.

म्हणजे १८४६ मध्ये जे पद पुढाऱ्यांच्या हातून काढून लोकांना दिलं होतं, ते फिरून पुढाऱ्यांच्याच हाती गेलं. फरक इतकाच की आता त्यावर लोकांच्या मताची मोहर आहे. राज्यपालानं नेमणूक केली तर निदान जबाबदार कोण ते माहीत असतं. इथं निर्णय जिल्ह्याचा पक्षप्रमुख घेतो आणि जबाबदारी मतदारांच्या नावावर पडते. मला या व्यवस्थेतली सर्वात मोठी खोट हीच वाटते.

हा रस्ता आला कुठून

अधिवेशनाची पद्धत कोणा एका पुढाऱ्यानं कारस्थान करून आणली, असं मात्र नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कनं सुप्रीम कोर्टासाठीही थेट प्राथमिक निवडणूक आणली होती. दहा वर्षांत लोक तिलाही विटले. पैसेवाला आणि भडक बोलणारा, अशा दोघांचंच त्यात फावतं, अशी टीका होऊ लागली. १९२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राज्यपालपदाच्या उमेदवारानं त्याविरुद्ध प्रचार केला आणि १९२१ च्या कायद्यानं अधिवेशनं आणली. ही टीका आजही निराधार नाही. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टातल्या एका जागेसाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले, तेही त्याच्या कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निकाल त्याच कोर्टात अपिलात जाणार असताना. ज्याला पाठिंबा दिला तो निवडून आला, त्या अपिलावर बसला आणि कंपनीच्या बाजूनं त्यानं मत दिलं. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की त्यानं त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं. तेव्हा थेट मतदान आणलं की सगळं आपोआप स्वच्छ होईल, असं मानायचं कारण नाही.

खुद्द ब्रुकलिनमध्येही तसंच दिसलं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अनेक वर्षं प्रमुख असलेले क्लॅरेन्स नॉर्मन यांना २००७ मध्ये ज्युरीनं दोषी ठरवलं. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला, पक्ष सांगेल त्याच प्रचारकांना पैसे द्या नाहीतर पाठिंबा काढून घेऊ, असं धमकावल्याचा तो खटला होता. आणि ती निवडणूक अधिवेशनाची नव्हती, सिव्हिल कोर्टाच्या थेट प्राथमिक मतदानाची होती.

मतपत्रिकेवर येण्याचा हक्क

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत १८८८ पर्यंत मतपत्रिका पक्षच छापून वाटायचे. त्यामुळे ‘मतपत्रिकेवर कोणाला घ्यायचं’ हा प्रश्नच सरकारपुढे नव्हता. त्यानंतर एकेक राज्य स्वतः मतपत्रिका छापू लागलं, आणि छापणारं सरकार म्हटल्यावर कोणाचं नाव घ्यायचं, कोणाचं नाही, याचे नियमही सरकारच करू लागलं. नियम सरकारचा असला की संविधानाची कसोटी लागते.

संविधानातल्या दोन गोष्टी इथं कामाला येतात. पहिल्या दुरुस्तीतलं एकत्र येण्याचं, संघटना करण्याचं स्वातंत्र्य, आणि चौदाव्या दुरुस्तीतली समानतेची हमी. त्यांच्या आधारानं सर्वोच्च न्यायालयानं बरेच निकाल दिले. १९६८ मध्ये ओहायो राज्याचे नियम त्यानं रद्द केले. तिथं नव्या पक्षाला मतपत्रिकेवर यायचं तर आधीच्या राज्यपाल निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १५ टक्के इतक्या सह्या आणाव्या लागत. १९७१ मध्ये जॉर्जियातली ५ टक्के सह्यांची अट मात्र त्यानं चालवून घेतली. १९७२ मध्ये टेक्सासमधलं भरमसाट उमेदवारी शुल्क गेलं. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गरीब उमेदवारानं ७०१ डॉलर ६० सेंटचं शुल्क भरू शकत नाही म्हणून दाद मागितली, तेव्हा पैसे नसलेल्याला दुसरा काही मार्ग द्यायलाच हवा, असं न्यायालयानं सांगितलं. १९९२ पर्यंत एक सरकती मोजपट्टी तयार झाली. मतदारांच्या आणि उमेदवारांच्या हक्कावर पडणारं ओझं जड असेल तर सरकारकडे तितकंच सबळ कारण हवं, ओझं हलकं असेल तर साधं, रास्त कारण पुरे.

लोपेझ तोरेस यांच्या वकिलांचं म्हणणं याच मोजपट्टीवर उभं होतं. पक्षाच्या मतदारांना आणि उमेदवारांना पक्षाची उमेदवारी मिळवण्याची वास्तव संधी हवी. तीन पायऱ्यांच्या या रस्त्यावर नेत्यांच्या विरोधात जाऊन कोणी शेवटपर्यंत पोचूच शकत नाही. म्हणजे ओझं जड आहे, आणि ते लादणारा सरकारचा कायदाच आहे.

ब्रुकलिनच्या फेडरल जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती जॉन ग्लीसन यांनी पुरावे ऐकले, प्रत्यक्षात काय चालतं ते पाहिलं आणि जानेवारी २००६ मध्ये ही पद्धत संविधानाविरुद्ध ठरवली. विधिमंडळ नवा कायदा करेपर्यंत थेट प्राथमिक निवडणुका घ्या, असा त्यांचा आदेश होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या अपील न्यायालयानं तो कायम केला.

सर्वोच्च न्यायालयानं काय म्हटलं

न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. पक्षाला आपला उमेदवार आपल्या पद्धतीनं निवडण्याचं स्वातंत्र्य आहे. ते स्वातंत्र्य पक्षाचं, उमेदवारी मागणाऱ्या एकेका व्यक्तीचं नव्हे. इथं न्यूयॉर्कचे दोन्ही मोठे पक्ष खटल्यात उतरून अधिवेशनाची बाजू मांडत आहेत, तेव्हा पक्षाच्या स्वातंत्र्याच्या नावानं त्यांच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. वादी खरं तर जिंकण्याची ‘रास्त संधी’ मागत आहेत. पण रास्त म्हणजे किती? किती सह्या, किती दिवस, नेत्यांचा प्रभाव किती असला तर चालेल, हे संविधानातून मोजून काढता येत नाही. धूरभरल्या बंद खोल्यांत पुढाऱ्यांनी उमेदवार ठरवणं हा अमेरिकी राजकारणाचा जुनाच रिवाज आहे, तो कधी कोणी संविधानाविरुद्ध मानला नाही. ५०० सह्यांची अट माफक आहे. नेत्यांनी सुचवलेल्याच प्रतिनिधींना मतं द्या असं कायदा सांगत नाही, निवडून आलेल्या प्रतिनिधींनी नेत्यांचं ऐकावं असंही सांगत नाही. नेते जिंकतात, कारण त्यांना पाठिंबा जास्त आहे. आणि एकाच पक्षाचं वर्चस्व असेल, तर ते मतदारांना तो पक्ष पसंत आहे म्हणून.

शिवाय दुसरं दार उघडं आहेच, याकडेही निकालात लक्ष वेधलं होतं. जिल्ह्यानुसार ३,५०० किंवा ४,००० सह्या आणल्या की पक्षाशिवाय, अपक्ष म्हणून सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नाव येतं.

मराठी वाचकाला स्कॅलियांचं म्हणणं सहज पटेल, असं मला वाटतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत तिकीटवाटपाच्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला एवढ्यावर सगळं ठरतं. फॉर्म का दिला, का नाही दिला, हे पक्षाला कोणी कोर्टात विचारत नाही. पक्षाच्या साध्या सदस्यांनी मत देऊन उमेदवार ठरवावा, अशी अट आपल्या कायद्यात नाही. तेव्हा पक्षाचं तिकीट पक्षानं द्यावं, यात नवल काय?

फरक आहे तो इथं. एबी फॉर्म कोणाला द्यायचा हे ठरवण्याची पद्धत आपला पक्ष स्वतः ठरवतो, चांगली असो की वाईट. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्टाचे उमेदवार अधिवेशनातूनच निवडावेत, प्रतिनिधी विधानसभेच्या मतदारसंघांतूनच यावेत, त्यांना इतक्या सह्या इतक्या दिवसांत लागाव्यात, हे सगळं राज्याच्या निवडणूक कायद्यात लिहिलेलं आहे. उद्या एखाद्या पक्षाच्या सदस्यांना वाटलं की आपण थेट मतदानानं उमेदवार निवडू या, तरी कायदा तसं करू देत नाही. मग याला पक्षाचं स्वातंत्र्य म्हणायचं, की राज्यानं बांधून दिलेलं दार? माझ्या मते हे दार राज्याचं आहे आणि त्याची रुंदी तपासण्याचा अधिकार न्यायालयाला होता. पक्षनेत्यांना ती पद्धत आवडते, एवढ्यानं ती पक्षाची होत नाही. पक्षात नेतेही असतात आणि नोंदणी केलेले लाखो साधे मतदारही असतात. खटला नेमका या दोघांमधला होता, आणि न्यायालयानं ‘पक्ष’ म्हणताना नेत्यांचा आवाज ऐकला.

दुसरी गोष्ट पायऱ्या मोजण्याची. स्कॅलिया एकेक पायरी वेगळी काढून दाखवतात. सह्या ५००, माफक. अधिवेशन, जुनी प्रथा. अपक्षाचा मार्ग, खुला. पण १९६८ च्या ओहायोच्या निकालात याच न्यायालयानं सगळे नियम एकत्र धरून त्यांचा परिणाम पाहिला होता. इथं तसं पाहिलं असतं तर ग्लीसन यांच्यासमोर आलेला पुरावा इतक्या सहज बाजूला सारता आला नसता.

सहमत, पण अस्वस्थ

निकाल एकमतानं लागला, तरी नऊ जणांचं मन एकसारखं नव्हतं. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी डेव्हिड सूटर यांच्यासह एक छोटं टिपण जोडलं. पद्धत संविधानात बसते याचा अर्थ ती शहाणपणाची आहे असा होत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. त्यासाठी त्यांनी आपले दिवंगत सहकारी थर्गुड मार्शल यांच्या बोलण्याची आठवण काढली. विधिमंडळांनी मूर्ख कायदे करायला संविधानाची मनाई नाही, असं मार्शल म्हणत असत. मार्शल यांचा उल्लेख इथं आणखी एका कारणानं वजनदार वाटतो. न्यायाधीश होण्यापूर्वी वकील म्हणून त्यांनीच टेक्सासमधल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या प्राथमिक निवडणुकांविरुद्ध लढा दिला होता. ‘हा आमच्या पक्षाचा खासगी मामला आहे’ असा बचाव तिथंही झाला होता. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला, कारण राज्याच्या कायद्यानं चालणारी प्राथमिक निवडणूक ही राज्याचीच कृती ठरते. दोन्ही प्रकरणांतला अन्याय एका मापाचा मुळीच नाही. वंशाच्या आधारे मत नाकारणं ही वेगळी, फार गंभीर गोष्ट. पण पक्षाचा दरवाजा कुठं खासगी असतो आणि कुठं सार्वजनिक, हा प्रश्न मात्र तोच आहे.

न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी स्टीव्हन ब्रेयर यांच्या काहीशा साथीनं वेगळं मत लिहिलं. मतपत्रिकेवर येण्याचा हा अधिवेशनाचा एकच मार्ग असता, तर वादींच्या म्हणण्यात बराच जोर होता, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. सह्या आणून अपक्ष उभं राहता येतं, म्हणून ते निकालाशी सहमत झाले. पुढे जाऊन त्यांनी विचारलं की प्रचार करायचा, पैसे जमवायचे, पक्षांच्या आणि हितसंबंधांच्या स्पर्धेत उतरायचं, या सगळ्यातून निवडलेल्या न्यायाधीशाचं स्वातंत्र्य टिकतं का, आणि टिकतं असं लोकांना वाटतं का? आमदारानं पक्षाचं ऐकलं तर आपण त्याला राजकारण म्हणतो. न्यायाधीशानं ऐकलं तर समोर उभ्या असलेल्या माणसाची केसच बुडते.

कुठं रेघ ओढली गेली

या निकालानं एक रेघ ठरली. सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर येण्याचा मार्ग असायला हवा, तिथं मतदाराला खरी निवड करता यायला हवी, याची हमी संविधान देतं. पक्षाच्या आत जिंकण्याची हमी देत नाही. विधिमंडळाला वाटलं तर ते अधिवेशन बदलू शकतं, प्राथमिक निवडणूक आणू शकतं. न्यायालय त्यासाठी भाग पाडणार नाही.

रेघेच्या पलीकडे काय होतं, ते इंडियानापोलिस शहरात दिसलं. तिथल्या मेरियन काउंटीत न्यायाधीशांच्या जितक्या जागा असतील त्यांतल्या निम्म्याच जागांसाठी प्रत्येक मोठ्या पक्षानं उमेदवार द्यायचे, असा कायदा होता. डेमोक्रॅट निम्मे, रिपब्लिकन निम्मे. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जितक्या जागा तितकेच मोठ्या पक्षांचे उमेदवार, सगळेच निवडून येणार. कोर्टात दोन्ही पक्षांचा समतोल राहावा, हे त्याचं समर्थन. तिथं तक्रार पक्षाच्या आतल्या निवडीची नव्हती, सार्वत्रिक मतदानच पोकळ झाल्याची होती. फेडरल अपील न्यायालयानं २०१५ मध्ये तो कायदा संविधानाविरुद्ध ठरवला, आणि न्यूयॉर्कचा निकाल इथं लागू होत नाही, असंही सांगितलं. पुढे २०१७ मध्ये इंडियानानं त्या काउंटीसाठी निवड समिती आणि नेमणूक अशी पद्धत आणली. एका अर्थानं निवडणुकीचा नाद सोडून दिला.

ब्रुकलिनमध्ये प्रतिनिधींवर अवलंबून राहून निवडून आलेल्या न्यायाधीशासमोर जेव्हा पक्षाशी जवळीक असलेला वकील उभा राहतो, तेव्हा पलीकडच्या पक्षकाराला काय वाटत असेल, याचं उत्तर कुठल्याही निकालात सापडत नाही. न्यूयॉर्कच्या मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांनी २००३ मध्ये नेमलेल्या आयोगाला ही चिंता होती. अधिवेशनं ठेवावीत, पण सुधारावीत आणि उमेदवारांची पात्रता स्वतंत्र समित्यांनी आधी तपासावी, अशा दिशेनं त्याच्या शिफारशी होत्या. पण कायदा बदलायचा तर तो राज्याच्या विधिमंडळानं, आणि तिथले सदस्य त्याच पक्षयंत्रणांमधून येतात. मूळ तीन पायऱ्यांची रचना आजही कायम आहे.

लोपेझ तोरेस यांचं काय झालं, हे सांगायला हवं. २००५ मध्ये त्या ब्रुकलिनच्या सरोगेट कोर्टाच्या जागेसाठी उभ्या राहिल्या. मृत्युपत्रं आणि वारसांचे वाद चालणारं हे कोर्ट. त्याची उमेदवारी थेट प्राथमिक निवडणुकीतून ठरते. पक्षनेत्यांचा पाठिंबा दुसऱ्या उमेदवाराला होता, आणि तरी त्या थोड्या मतांनी का होईना, जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या नावाचा खटला हरला, तेव्हा त्या याच पदावर काम करत होत्या.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किंवा लाँग आयलंडवर राहणारे, अमेरिकी नागरिकत्व घेतलेले जे मराठी लोक आहेत, त्यांच्या हाती दर नोव्हेंबरला येणाऱ्या मतपत्रिकेत ही नावं असतात आणि बहुतेकांना त्यांतलं एकही ओळखीचं नसतं. पक्षाकडे नोंदणी असेल, तर त्यांच्यापैकी कोणीही न्यायिक अधिवेशनाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहू शकतो. त्यासाठी सह्या गोळा करायला आता फेब्रुवारीच्या अखेरीस सुरुवात होते, प्राथमिक मतदान जूनमध्ये असतं आणि अधिवेशन ऑगस्टमध्ये. एका मतदारसंघापुरत्या सह्या जमवणं खरोखर अवघड नाही. त्या बाबतीत स्कॅलिया बरोबर होते.